आरसा, बॅटरी आणि बॅकअप

पुण्यातल्या जुन्या दुकानदाराला ‘बॅकअप आहे का?’ असं विचारलं, तर तो आजही टेबलाखालच्या यूपीएसकडे बोट दाखवतो. चूक त्याची नाही. हा शब्द इथे रुळला तो लोडशेडिंगच्या काळात, २००५च्या आसपास. त्याच वर्षी १ एप्रिलला राज्यात व्हॅट आला आणि बिलबुकातली खाती भराभर कॉम्प्युटरवर चढली. गुरुवारी लाइट जाणं तर ठरलेलंच. तेव्हा बॅकअप म्हणजे बॅटरी. मग टॅलीच्या डेटाची पेनड्राइव्हवरची कॉपी हाही बॅकअप झाला. पुढे हार्डवेअरवाला म्हणाला, ‘साहेब, दोन डिस्क टाकतो, एक उडाली तरी काम थांबणार नाही’. तोही बॅकअपच ठरला. तीन निरनिराळ्या दुखण्यांना एकच औषध, निदान नावापुरतं.

तिसऱ्याचं खरं नाव रेड, इंग्रजीत RAID: अनेक डिस्क एकत्र जोडून एकीसारख्या वापरायच्या. (बाजारात रेड म्हणजे धाड. ‘तुमच्याकडे रेड आहे का?’ या प्रश्नावर एका मालकांचा चेहरा उतरलेला मी पाहिलाय.) दोन डिस्कवर एकाच वेळी तेच लिहायचं, ही युक्ती १९७०च्या दशकातल्या मोठ्या मशीनांवरही होती, रेड हे नाव आलं १९८८मध्ये, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांच्या निबंधातून. RAID मधला ‘आय’ मुळात ‘स्वस्त’ या अर्थाचा: एका महागड्या डिस्कऐवजी पुष्कळशा स्वस्त डिस्क. विकणाऱ्यांना तो शब्द अडचणीचा, म्हणून पुढे त्याचा ‘स्वतंत्र’ झाला.

इथे खरा घोळ झाला तो मिरर (एका डिस्कची हुबेहूब प्रत दुसरीवर) घ्यावा की रेड फाइव्ह (डेटा तीन किंवा जास्त डिस्कवर वाटलेला), यावर. ८० जीबीच्या दोन डिस्कचा मिरर केला की हातात ८०च उरतात. तिसरी डिस्क घालून रेड फाइव्ह केलं की १६०. पैसे मोजणाऱ्याला दुसरा हिशेब पटणारच. पण रेड फाइव्हमध्ये डेटाबरोबर पॅरिटीही (एखादी डिस्क गेली तर तिच्यावरचं परत काढून देणारा हिशेब) लिहावी लागते. डेटा लिहिला, पॅरिटी लिहायची राहिली आणि नेमकी तेव्हाच लाइट गेली, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. हे गुपचूप घडतं. कळतं ते पुढे एखादी डिस्क गेली की. त्यावर उपाय बॅटरीवालं कंट्रोलर कार्ड (डिस्क सांभाळणारं, लाइट गेली तरी अर्धवट लिखाण धरून ठेवणारं), आणि कोटेशनमधून पहिलं कापलं जायचं ते हेच. लोडशेडिंगच्या गावात असं रेड फाइव्ह बसवणं मला तेव्हाही पटत नव्हतं.

भोसरीतल्या एका ऑफिसात सर्व्हर कितीतरी दिवस बीप-बीप करत होता. अकाउंट्सच्या ताईंनी त्यावर उशी ठेवली होती. ‘यूपीएस ओरडतोय, बॅटरी आठवड्यात येणार आहे,’ त्या म्हणाल्या. यूपीएस गप्प होता. मिररमधली एक डिस्क मेली होती आणि सर्व्हरमधलं कंट्रोलर कार्ड जीव तोडून तेच सांगत होतं. दुसरी डिस्क त्याच लॉटची, त्याच दिवशी तापकीर गल्लीतून आणलेली, म्हणजे तीही कधीही जाईल अशी. बदललेल्या डिस्कवर सगळा डेटा उतरून ती पूर्ण भरेपर्यंत मी चहाला हात लावला नाही.

पुढे डिस्क फुगत गेल्या. ८० जीबी तासाभरात भरायची. ४ टीबीला कामाच्या गर्दीत रात्र पुरत नाही, आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्कवर सगळा भार. त्यामुळे रेड फाइव्हचा मोह ओसरला, मिरर परत आला, आता एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर). २०१७च्या जीएसटीनंतर तर रिटर्नच्या तारखेला मशीन बंद पडणं कोणालाच परवडेना.

मग रॅन्समवेअर आलं, फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं. कुलूप लागलेली फाइल मिररने दुसऱ्या डिस्कवरही इमानेइतबारे उतरवली. ऑगस्ट २०२२मध्ये कंपन्यांसाठी नियम झाला: हिशेबवह्यांचा बॅकअप रोजच्या रोज, भारतातल्याच सर्व्हरवर. नियमातही शब्द तोच. सीए विचारतात, ‘रोज होतो ना?’ आणि मालक कौतुकाने सर्व्हरवरचे, मिररच्या दोन डिस्कचे दोन हिरवे दिवे दाखवतात.