वोय्तेख प्रायसिग: तांब्याच्या पत्र्यापासून भूमिगत अंकापर्यंत

चेक चित्रकार आल्फोन्स मुखा यांची पोस्टर्स आपल्याकडेही ओळखीची आहेत. त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान आणि काही काळ पॅरिसमध्ये त्यांच्याबरोबर काम केलेले त्यांचेच देशबांधव वोय्तेख प्रायसिग मात्र मुद्राचित्रणाच्या, म्हणजे ठशावरून छापलेल्या चित्रांच्या, जाणकारांपलीकडे फारसे पोचलेले नाहीत. ही मोठी उणीव आहे. चित्रं, एचिंग (आम्लाने खोदलेल्या धातूच्या पत्र्यावरून छपाई), लिनोकट (कोरलेल्या लिनोलियमवरून छपाई), पुस्तकांची मांडणी, छापखान्याचे खिळे म्हणजे जुळवायची धातूची अक्षरं, युद्धाची पोस्टर्स आणि शेवटी नाझींविरुद्धचा भूमिगत अंक, हे सगळं एकाच हातचं. तो हात घडला छपाईच्या टेबलावर.

प्रायसिग यांचा जन्म 31 जुलै 1873 रोजी उत्तर बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशात, बीलिनाजवळच्या स्व्येतेत्स इथे झाला. 1892 पासून ते प्रागच्या उपयोजित कलाशाळेत शिकले आणि पुढे पॅरिसला गेले. तिथे जपानी काष्ठठशांची मोहिनी त्या काळच्या अनेक चित्रकारांवर होती. प्रायसिग यांनी त्यातून सपाट रंगक्षेत्रं, मोकळी सोडलेली जागा आणि चौकटीने मध्येच कापलेल्या फांद्या उचलल्या. जपानी ठसे लाकडावरून छापलेले असत. प्रायसिग यांना तसाच शांत रंग धातूवरून हवा होता. तिथूनच त्यांची खरी मेहनत सुरू झाली.

धातूवरून सपाट रंग मिळवायचा तर अॅक्वाटिंट लागतं: पत्र्यावर राळेचे कण चिकटवायचे, आम्ल कणांच्या मधली जागा खातं आणि त्या खड्ड्यांत शाई धरून छटा उमटते. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्याच्या कडा आधी तिरक्या घासून घेतात, नाहीतर दाबाखाली कागद आणि प्रेसवरचं फेल्ट दोन्ही कापले जातात. पत्र्यावरचा तेलकटपणा पूर्ण काढतात, मग बंद पेटीत राळेची पूड उडवतात. जाड कण आधी खाली बसतात, म्हणून बारीक पोत हवा असेल तर थोडं थांबून पत्रा आत सरकवतात. त्यानंतर खालून आच. कण पारदर्शक दिसू लागले की आच बंद. उष्णता कमी पडली तर आम्लात राळ सुटते आणि डाग पडतात. जास्त झाली तर कण वितळून एकसंध थर होतो आणि आम्लाला शिरायला जागाच राहत नाही. पांढरा ठेवायचा भाग वॉर्निशने झाकून पत्रा आम्लात सोडतात, सगळ्यात फिकट छटा मिळाली की तीही झाकतात आणि पत्रा पुन्हा बुडवतात. गडद छटा सर्वांत शेवटी तयार होते. चुकून जास्त खाल्ली गेलेली छटा परत फिकी करायची तर घोटणीने तासन्तास घासण्यावाचून उपाय नाही.

रंग दोन पद्धतींनी चढतो. एकाच पत्र्यावर कापडाच्या बोळ्यांनी वेगवेगळे रंग लावले तर पत्रा एकच पुरतो, पण प्रत्येक प्रत थोडी वेगळी निघते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक रंगाला स्वतंत्र पत्रा. इथे खरी अडचण कागदाची. एचिंगचा कागद ओलसर असावा लागतो आणि ओला कागद रोलरखाली ताणला जातो. दोन पत्र्यांच्या मध्ये तो वाळला तर आकसतो. मग दोन रंगांच्या मध्ये पांढरी रेघ उघडी पडते किंवा एकावर एक चढून काळसर कड उमटते. म्हणून सगळे पत्रे नेमके एका मापाचे कापतात, कागदाचं टोक रोलरखाली दाबलेलंच ठेवून पत्रा बदलतात आणि पहिला रंग ओला असतानाच दुसरा छापतात. धातूही गप्प बसत नाही: जस्तावर पिवळा आणि पांढरा मळकट होतात, तांब्यावर हिंगुळाचा तांबडा काळवंडतो. अॅक्वाटिंटचे बारीक कण दाबाने लवकर झिजतात, त्यामुळे पत्र्यावर लोखंडाचा पातळ मुलामा दिला नाही तर काही डझन प्रतींनंतर छटा उतरू लागतात.

हे सगळं विस्ताराने लिहायचं कारण म्हणजे प्रायसिग यांच्या पुढच्या आयुष्याचं वळण याच्याशीच बांधलेलं आहे. 1903 मध्ये ते मायदेशी परतले. त्याच वर्षी काजव्यांच्या कुटुंबाची गोष्ट सांगणारं लाडकं चेक बालपुस्तक त्यांच्या चित्रांसह निघालं. 1905 मध्ये त्यांनी प्रागमध्ये स्वतःचं ग्राफिक स्टुडिओ काढलं, 1909 मध्ये रंगीत एचिंग आणि कोरीवकामावर पाठ्यपुस्तक लिहिलं. काम अव्वल होतं, पण संथ आणि खर्चिक. त्यावर घर चालेना. 1910 मध्ये ते अमेरिकेला गेले.

न्यूयॉर्कमध्ये शिकवून झाल्यावर 1916 पासून त्यांनी बोस्टनच्या वेंटवर्थ इन्स्टिट्यूटमध्ये मुद्रण आणि ग्राफिक कला शिकवण्याची जबाबदारी घेतली. पहिल्या महायुद्धात तिथल्याच यंत्रांवर त्यांची चेकोस्लोव्हाक सैन्यभरतीची पोस्टर्स छापली गेली: मोजके रंग, जाड अक्षरं, रस्त्यापलीकडून वाचता येईल इतका ठळक मजकूर.

पुढचं काम, म्हणजे चेक भाषेसाठी छपाईच्या अक्षरांचं नवं वळण घडवणं, माझ्या मते त्यांचं सर्वांत मोलाचं. चेक लिपी रोमन, पण अक्षरांवर कोन, रेघा, वर्तुळं फार. परदेशी वळणाच्या खिळ्यांवर या खुणा मागाहून डकवलेल्या दिसत. मोठ्या अक्षरावर खूण बसवायला खिळ्यात जागा उरत नसे, बाहेर लोंबणारा भाग छपाईत तुटत असे. वेलांट्या-रफारांशी झुंजलेल्या मराठी जुळाऱ्याला हे दुखणं वेगळं सांगायला नको. प्रायसिग यांनी अक्षरांतल्या गोलाईच मोडून त्या सरळ, टोकदार तुकड्यांनी बांधल्या, त्यामुळे वरची खूण अक्षराच्याच जातीची दिसू लागली आणि ओळीला एक खरखरीत, सारखा पोत आला. प्रागच्या सरकारी छापखान्यासाठी केलेलं हे वळण 1925 मध्ये तयार झालं. आज ते संगणकीय फाँटच्या रूपातही मिळतं.

1930 मध्ये ते प्रागला परतले आणि अमूर्त चित्रांकडे वळले. मग 1939 मध्ये जर्मन सैन्य आलं. 'व बोय', म्हणजे 'लढ्यासाठी', हे भूमिगत नियतकालिक सुरू झालं. त्याच्या आधीच्या चालकांना अटक झाल्यावर प्रायसिग आणि त्यांची मुलगी इरेना बेर्नाश्कोवा, घरातली इंका, यांनी ते पुढे नेलं. मुखपृष्ठं प्रायसिग यांची, छपाई मुख्यतः सायक्लोस्टाइलवर. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर काळा भरीव भाग टिकत नाही, कागद फाटतो. त्यामुळे चित्र रेघांवरच उभं करावं लागतं. आयुष्यभर छटांसाठी झटलेल्या माणसाने सत्तरीकडे झुकताना ही उघडी रेघ हाती घेतली.

1940 मध्ये दोघेही पकडले गेले. इंकाला 26 ऑगस्ट 1942 रोजी बर्लिनच्या प्लोत्सेनझे तुरुंगात मारण्यात आलं. प्रायसिग 11 जून 1944 रोजी दाखाउच्या छळछावणीत वारले. एकाहत्तरावा वाढदिवस सात आठवड्यांवर होता.