तयार मॉडलिस्टमध्ये नवी क्वेस्ट घालणं अवघड का झालं?

स्कायरिम या व्हिडिओ गेमची तयार मॉडलिस्ट, म्हणजे चाहत्यांनी केलेल्या बदलांचा (मॉडचा) जुळवलेला संच, बसवली की थोड्याच दिवसांत तिच्यात आपल्या आवडीची एखादी क्वेस्ट, म्हणजे नवी कामगिरी, घालावीशी वाटते. बहुतेक लिस्टकर्ते मात्र आधीच बजावतात की, स्वतःहून काही घातलंत तर पुढची मदत मिळणार नाही. अनेकांना हा आडमुठेपणा वाटतो. मला वाटत नाही, कारण या सावधगिरीची मुळं थेट २००२ सालात आहेत.

त्या वर्षी स्कायरिमच्याच मालिकेतला मोरोविंड आला आणि निर्माती कंपनी बेथेस्डाने पीसीवर खेळाबरोबर कन्स्ट्रक्शन सेट हे रचनेचं साधनही दिलं. त्यातून घरं, माणसं, संवाद, क्वेस्ट असं सगळं कुणालाही रचता येऊ लागलं. खेळातली तलवार, दार, पात्र ही प्रत्येक गोष्ट म्हणजे एक नोंद. मॉडचं प्लगइन, म्हणजे त्याचे बदल साठवणारी फाइल, मूळ फाइलला हात लावत नाही, आपली नोंद मूळ नोंदीवर चढवतं. दोन प्लगइननी एकच नोंद बदलली, तर साधारणपणे शेवटी लोड होणाऱ्याचं चालतं आणि आधीच्याचा बदल पुसला जातो. लोड ऑर्डरचा, म्हणजे प्लगइन लोड होण्याच्या क्रमाचा, सगळा व्याप या एका नियमातून उभा राहिला. मालिकेतले पुढचे खेळ ऑब्लिव्हियन आणि स्कायरिम त्याच पायावर उभे आहेत.

नव्या चिलखताला या नियमाचा फारसा त्रास होत नाही. क्वेस्टला होतो, कारण ती एकाच वेळी अनेक ठिकाणी हात घालते. समजा, एका क्वेस्टने सरायच्या तळघरात नवं दार बसवलं आणि तिथपर्यंत नेव्हमेश, म्हणजे पात्रांना चालण्याची वाट दाखवणारी जाळी, वाढवली. त्याच तळघराची सजावट बदलणारा दुसरा मॉड लिस्टमध्ये नंतर लोड होतो आणि त्याची जाळी जिंकते. दार दिसतं, तुम्ही आत जाताही, पण सोबत्याच्या लेखी तिथे वाटच नाही. तो बाहेर उभा राहतो, आणि क्वेस्टची पुढची पायरी त्याच्या येण्यावर अवलंबून असेल तर सगळं तिथेच अडतं. एरर येत नाही, क्रॅश होत नाही. म्हणून असा दोष सापडायला सगळ्यात जड जातो.

२०११ मध्ये स्कायरिमबरोबर पॅपिरस ही नवी स्क्रिप्ट भाषा आली आणि गुंता वाढला. चालू स्क्रिप्टची स्थिती सेव्हमध्ये (खेळ कुठवर आला ते राखणाऱ्या फाइलमध्ये) साठते, त्यामुळे अर्ध्यात क्वेस्ट मॉड काढला तरी त्याचे अवशेष सेव्हमध्ये राहतात. घालायचं ते खेळ नव्याने सुरू करतानाच घालावं, हा शिरस्ता इथूनच पडला आणि तो पाळावाच.

मोठी क्वेस्ट जास्त धोक्याची, असा एक समज आहे. बऱ्याचदा उलटंच असतं. २०१३ चा फॉल्सकार हा मॉड स्वतःची वेगळी भूमी घेऊन आला. २०१५ च्या द फॉरगॉटन सिटीने जमिनीखालचं स्वतंत्र शहर उभं केलं (पुढच्या वर्षी त्याच्या लेखनाला ऑस्ट्रेलियन रायटर्स गिल्डचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये तो स्वतंत्र गेम झाला). असे मॉड मूळ जगाला फक्त प्रवेशापुरते स्पर्श करतात. रिफ्टन किंवा व्हाइटरन या खेळातल्या मूळ शहरांच्या गल्लीत घडणारी छोटीशी क्वेस्ट त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त भांडणं लावते, कारण त्या गल्ल्या आणखी डझनभर मॉडनी आधीच बदललेल्या असतात.

पूर्वी ही भांडणं ज्याची त्याने सोडवायची. स्टेपसारखी मार्गदर्शिका वाचायची, एसएसईएडिट या साधनात नोंदी शेजारी शेजारी लावून बघायच्या, त्यांची सांगड घालणारा पॅच करायचा. २०१९ मध्ये वाबाजॅक हे लिस्ट बसवणारं साधन आलं आणि चित्र पालटलं. ते स्वतः मॉडचं वाटप करत नाही. मूळ ठिकाणाहून फाइली उतरवतं आणि लिस्टकर्त्याच्या संगणकावरची मांडणी तुमच्याकडे हुबेहूब उभी करतं. शेकडो मॉडची लिस्ट नवख्यालाही मिळू लागली, हे मोठंच काम झालं. पण त्यातले पॅच नेमक्या त्याच मॉडसाठी हाताने केलेले असतात. दूरचं दृश्य दाखवणारं, डिनडोलॉड या साधनाचं आउटपुटही त्याच मांडणीवरून काढलेलं असतं. नवी भूमी आणणारी क्वेस्ट घातली की ते पुन्हा काढावं लागतं. लिस्टकर्ता कचरतो तो यासाठी.

जागेचा प्रश्नही जुनाच. प्रत्येक नोंदीच्या क्रमांकातले पहिले दोन हेक्स (सोळाच्या पद्धतीतले) अंक प्लगइनची ओळख सांगतात, म्हणून पूर्ण प्लगइनची मर्यादा अडीचशेच्या आसपास अडकते. २०१७ मध्ये बेथेस्डाच्या क्रिएशन क्लब या विक्री-सेवेबरोबर आलेल्या हलक्या ईएसएल प्लगइननी कोंडी फोडली: ते सगळे मिळून एकच जागा घेतात. प्रत्येकाला नव्या नोंदी मात्र २०४८ च, आणि मोठी क्वेस्ट तेवढ्यात मावत नसे. डिसेंबर २०२३ च्या १.६.११३० आवृत्तीने ही मर्यादा ४०९६ केली. त्यानंतरच्या क्वेस्ट मॉडचे प्लगइन या नव्या धाटणीचे असू शकतात, तर कित्येक लिस्ट अजून १.५.९७ वर थांबलेल्या आहेत. तिथे असा मॉड घालायचा तर बीईईएस हा जोडमॉड आधी हवा. म्हणून क्वेस्ट निवडण्यापूर्वी लिस्ट खेळाच्या कोणत्या आवृत्तीवर आहे ते बघून घ्यावं.