एका बँकेच्या चार भिंतींत : ‘कॅश ऑन डिमांड’ची पार्श्वभूमी

नाताळच्या दोन दिवस आधी एका छोट्या ब्रिटिश गावातल्या बँकेत विमा कंपनीचा माणूस म्हणून एक रुबाबदार कर्नल येतो. मॅनेजरच्या खोलीचे दार लागते आणि तो शांतपणे सांगतो, की तुमची बायको आणि मुलगा आमच्या ताब्यात आहेत. तिजोरीतले ९३,००० पाउंड मॅनेजरने स्वतःच्या हाताने काढून द्यायचे आहेत. १९६१ साली हॅमर या ब्रिटिश चित्रपट कंपनीने बनवलेल्या ‘कॅश ऑन डिमांड’चे कथानक एवढेच. मॅनेजरची खोली, कारकुनांचे काउंटर, तळघराकडे उतरणारा जिना आणि दाराबाहेरचा थोडा बर्फाळ रस्ता यापलीकडे कॅमेरा फारसा जात नाही. खर्च सुमारे ३७,००० पाउंड. एवढ्या कमी पैशांत इतका घट्ट विणलेला गुन्हेपट निघाला, त्यामागे ब्रिटनमधल्या तीस-पस्तीस वर्षांच्या कायद्यांचा आणि स्टुडिओच्या शिस्तीचा हात आहे.

सुरुवात १९२७च्या सिनेमॅटोग्राफ फिल्म्स अ‍ॅक्टपासून. पडदे अमेरिकी चित्रपटांनी व्यापले होते, म्हणून वितरकांना आणि थिएटरमालकांना ब्रिटिश चित्रपटांचा ठरावीक वाटा बंधनकारक झाला. वितरकांसाठी तो साडेसात टक्क्यांपासून सुरू होऊन पुढे २० टक्क्यांपर्यंत गेला. (साम्राज्यात बनलेला चित्रपटही यात धरला जाई; अटी पाळल्या तर मुंबईत बनलेला चित्रपटसुद्धा कायद्याने ‘ब्रिटिश’ ठरू शकत होता. १९३८च्या कायद्याने ही सोय काढून टाकली.) कायद्यात लांबीची अट होती, खर्चाची नव्हती. अमेरिकी कंपन्यांनी याचा सरळ फायदा घेतला. छोट्या ब्रिटिश निर्मात्याला फुटामागे एक पाउंड द्यायचा आणि कोटा भरायचा.

हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी धावते, एका फुटात १६ चौकटी मावतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट. ६,००० फुटांचा चित्रपट साधारण ६७ मिनिटांचा झाला आणि त्याचे मिळाले ६,००० पाउंड. निर्मात्याचा नफा यातूनच सुटायचा. अशा वेळी पैसा सर्वांत जास्त खातो तो प्रकाशयोजनेतला बदल. दिवे हलवायचे, पुन्हा मोजमाप घ्यायचे, नटांच्या जागा ठरवायच्या. तोवर सगळे युनिट थांबून असते. म्हणून मोजके सेट, लांब शॉट, भरपूर संवाद, कमीत कमी रीटेक. ट्विकनहॅम स्टुडिओत निर्माता ज्युलियस हेगन दिवस-रात्र पाळ्यांत चित्रीकरण चालवत असे. मायकेल पॉवेलसारखा दिग्दर्शक याच भट्टीत तयार झाला. गुन्हेपट या हिशेबात चपखल बसत. एक प्रेत, एक दिवाणखाना, एक इन्स्पेक्टर एवढ्यावर चित्रपट उभा राहतो. १९३८च्या कायद्याने किमान मजुरीखर्चाची अट घातली आणि सर्वांत स्वस्त मालाला आळा बसला.

युद्धानंतर व्यवस्था बदलली, दुय्यम चित्रपटाची जागा मात्र टिकली. एका तिकिटात मुख्य चित्रपट, वृत्तचित्र आणि तासाभराचा जोडचित्रपट असा खेळ असे. मुख्य चित्रपटाला गल्ल्याचा टक्का मिळे; जोडचित्रपटाचे भाडे ठरलेले असे. तो कितीही आवडला तरी भाडे तेवढेच, पण चित्रीकरण दोन दिवस लांबले तर तोटा नक्की. १९५० साली तिकिटांवरचा ‘ईडी लेव्ही’ हा कर सुरू झाला, १९५७ मध्ये तो सक्तीचा झाला आणि त्या निधीतला थोडा वाटा छोट्या निर्मात्यांच्याही हाती आला. मर्टन पार्क स्टुडिओतून एडगर वॉलेसच्या कथांवरची तासाभराची मालिका १९६०नंतर याच गणितावर सलग निघत राहिली.

हॅमर याच शाळेतली. १९५१पासून तिचा मुक्काम थेम्सकाठच्या ब्रे इथल्या डाऊन प्लेस या जुन्या बंगल्यात होता. तिथल्या खोल्या सेट म्हणून वापरायच्या, एकाच भिंतीला नवा रंग देऊन ती पुढच्या चित्रपटात उभी करायची, ही तिथली रोजची रीत. १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकी वितरक रॉबर्ट लिपर्टशी करार करून हॅमरने असे अनेक छोटे गुन्हेपट काढले. १९५७नंतर भयपटांनी तिला जगभर नाव दिले, तरी काटकसरीचा हात तोच राहिला.

‘कॅश ऑन डिमांड’ मुळात जाक गिलीजचे ‘द गोल्ड इनसाइड’ हे टीव्ही नाटक. १९६० साली ते एटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर झाले. दिग्दर्शक तेव्हाही चित्रपटाचेच क्वेंटिन लॉरेन्स होते, आणि कर्नलच्या भूमिकेत आंद्रे मॉरेल, मुख्य कारकुनाच्या भूमिकेत रिचर्ड व्हर्नन. ही माणसे चित्रपटात तशीच आली. स्वस्त चित्रपटात सर्वांत आधी कात्री लागते ती तालमींना. इथे अवघड भाग आधीच बसलेला होता. पीटर कुशिंग मॅनेजर म्हणून नवा आला, पण मॉरेलबरोबर त्याने १९५९ साली होम्स-वॉटसनची जोडी केलेली होती. दोघांची ओळख खोलीतल्या प्रत्येक नजरेत जाणवते. कुशिंगचा मॅनेजर सुरुवातीला हाताखालच्या माणसाला किरकोळ चुकीसाठी नोकरी घालवण्याची भीती घालतो, आणि थोड्याच वेळात त्याच माणसाच्या सहकार्यावर त्याचे घर अवलंबून राहते. एकाच सेटमुळे हा उलटापालट अधिक बोचतो, कारण पळून जायला पडद्यावर जागाच नाही.

हा चित्रपट १९६१च्या अखेरीस अमेरिकेत लागला, ब्रिटनमध्ये मात्र डिसेंबर १९६३ उजाडला. तोवर प्रेक्षक टीव्हीपुढे बसले होते. १९४६ साली वर्षाला १६० कोटींहून अधिक तिकिटे विकली जात. १९६०मध्ये आकडा ५० कोटींवर आला होता. जोडचित्रपटाची गरजच संपत चालली होती. ब्रिटनमध्ये तो कापून सुमारे ६६ मिनिटांचा केला गेला, म्हणजे जवळपास जुन्या ६,००० फुटांच्या मापात. या चित्रपटाचा ताण घड्याळाच्या काट्यावर चालतो. कात्री कुठेही लागली तरी दोन धमक्यांमधली शांतता कमी होते आणि मॅनेजरचे हळूहळू खचणे घाईचे वाटते. म्हणून पाहायचा तर ऐंशी मिनिटांच्या वरची प्रत मिळवून पाहावा.