इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी

क्ष-किरण, सोनोग्राफी, सीटी स्कॅन किंवा एमआरआय यांच्या पडद्यावर शरीराच्या आतला भाग पाहत पाहत, त्वचेला पाडलेल्या दोन-तीन मिलिमीटरांच्या छिद्रातून सुई, तार किंवा नळी नेमक्या जागी नेऊन निदान वा उपचार करण्याची वैद्यकीय शाखा. हृदयाची अँजिओप्लास्टी हे या पद्धतीचे घराघरांत माहीत असलेले रूप. यकृतातला पू काढणे, तुंबलेल्या मूत्रपिंडात नळी बसवणे, रक्तस्राव होणारी वाहिनी आतून बंद करणे, मेंदूतली गुठळी ओढून काढणे, फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा तपासायला घेणे, हीसुद्धा त्याच जातीची कामे. मराठीत या शाखेला रुळलेला प्रतिशब्द नाही. नातेवाईक बहुधा ‘दुर्बिणीतून ऑपरेशन केलं’ असे सांगतात, पण ते बरोबर नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कॅमेरा पोटात किंवा सांध्यात शिरतो आणि अवयव प्रत्यक्ष दिसतो. इथे डॉक्टरांचा डोळा शरीराबाहेरच राहतो. दिसते ती सावली, प्रतिध्वनी किंवा संगणकाने रचलेले चित्र, आणि हात त्या चित्राच्या भरवशावर चालतो. म्हणून कोणत्या यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही, इथूनच सुरुवात करावी लागते.

दिसण्याची साधने : क्ष-किरणांचे चालते चित्र म्हणजे फ्लुओरोस्कोपी. हाड, हवा आणि धातू त्यात ठळक दिसतात, त्यामुळे तार कुठवर गेली हे क्षणाक्षणाला कळते. रक्तवाहिनी मात्र दिसत नाही, कारण रक्त आणि भोवतालचे स्नायू क्ष-किरणांना जवळपास सारखेच अडवतात. म्हणून नळीतून आयोडीनयुक्त द्रव सोडतात. रुग्णालयात याला सगळे ‘डाय’ म्हणतात, पण तो रंग नव्हे. पाण्यासारखा नितळ असतो. आयोडीन क्ष-किरण शोषून घेते आणि काही सेकंदांपुरती वाहिनी झाडाच्या फांद्यांसारखी पडद्यावर उमटते. डाय सोडण्याआधीचे चित्र नंतरच्या चित्रातून वजा केले, की हाडे पुसली जातात आणि फक्त वाहिन्या उरतात. हीच डीएसए, म्हणजे डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफी. रुग्णाने त्या वेळी श्वास रोखला नाही किंवा तो हलला, तर वजाबाकी चुकते. ‘श्वास घ्या, थांबवा, हलू नका’ ही सूचना म्हणूनच इतकी कडक असते.

सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नाही, यंत्र खाटेशी नेता येते आणि सुईचे टोक पुढे सरकताना थेट दिसते. पण हवा आणि हाड यांपलीकडे तिला काही दिसत नाही. फुगलेल्या आतड्यामागे लपलेला पू तिला सापडत नाही; तिथे सीटी लागतो. सीटीत शरीराचा आडवा छेद मिळतो आणि फुप्फुस, मणक्यालगतची जागा किंवा पोटाच्या तळातला गळू असा अडचणीचा मार्ग मिलिमीटरांत मोजून आखता येतो. मऊ ऊतींमधला फरक एमआरआयइतका कोणालाच दिसत नाही, पण त्या चुंबकाजवळ लोखंडी सुई नेता येत नाही आणि चित्र यायला वेळ लागतो, त्यामुळे उपचारासाठी तो क्वचितच वापरतात.

इतिहास : व्हिल्हेल्म रंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्यूर्ट्सबुर्ग येथे लागला. दोन-तीन महिन्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नात एका कापलेल्या हाताच्या वाहिन्यांत पाऱ्याचे मिश्रण भरून त्यांचे चित्र घेतले गेले. जिवंत माणसात हे विष चालणार नव्हते. माणसाला सोसेल असा द्रव शोधण्यात पुढची तीस वर्षे गेली. लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये मेंदूच्या वाहिन्यांचे पहिले चित्र मिळवले.

१९२९ मध्ये बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावातल्या रुग्णालयात व्हेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या दंडातल्या शिरेतून मूत्रमार्गासाठीची ६५ सेंटिमीटर लांब नळी आत सरकवली, तशीच नळी घेऊन चालत क्ष-किरण विभाग गाठला आणि नळीचे टोक आपल्या हृदयात आहे याचे चित्र काढून घेतले. वरिष्ठांनी मनाई केलेली होती. कौतुकाऐवजी त्यांच्या वाट्याला उपेक्षा आली आणि ते मूत्ररोगांकडे वळले. १९५६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते आंद्रे कूर्नाँ आणि डिकिन्सन रिचर्ड्‌स यांच्यासमवेत.

या शाखेचा खरा पाया मात्र १९५३ मध्ये स्टॉकहोममध्ये घातला गेला, आणि तो इतका साधा आहे की आधी कोणाला का सुचला नाही याचे नवल वाटते. तोवर धमनीत नळी घालायची तर कातडी चिरून धमनी उघडी करावी लागे, नाहीतर जाड सुई टोचून तिच्या पोकळीतून नळी ढकलावी लागे. म्हणजे भोक मोठे आणि नळी बारीक. स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी क्रम बदलला. बारीक सुई धमनीत टोचली, सुईतून लवचीक तार आत सोडली, सुई काढून घेतली, तारेवर नळी ओवून आत सरकवली आणि शेवटी तार काढली. आता भोकापेक्षा नळी बारीक नव्हती. तिने भोक नेमके भरून टाकले, म्हणून कडेने रक्त झिरपणे कमी झाले. तार एकदा योग्य जागी पोहोचली की ती रुळासारखी काम देते: तिच्यावरून नळी, फुगा, स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळी), काहीही नेता येते. आजही अतिदक्षता विभागात मानेच्या शिरेत सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) टाकणारा निवासी डॉक्टर हाच क्रम पाळतो. तारेचे बाहेरचे टोक हातातून सोडायचे नाही, हा पहिला धडा त्याला त्याच दिवशी मिळतो.

निदानासाठी आत गेलेली नळी उपचार करू शकते, हे दाखवले चार्ल्स डॉटर यांनी. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या पोर्टलंड येथे त्यांच्यापुढे ८२ वर्षांच्या एक आजी होत्या. पायाला गँग्रीन झालेले. शल्यचिकित्सकांनी पाय कापायला सांगितला होता आणि आजींनी साफ नकार दिला होता. मांडीतल्या धमनीत एका ठिकाणी आखूड अरुंद जागा होती. डॉटर यांनी तिच्यातून तार नेली आणि तिच्यावरून एकापेक्षा एक जाड नळ्या घालून वाट रुंद केली. पाय ऊबदार झाला, जखम भरली आणि पुढची दोनाहून अधिक वर्षे त्या आपल्या पायांवर चालल्या. अमेरिकेत यावर विश्वास ठेवणारे थोडे निघाले. युरोपात मात्र ही पद्धत उचलली गेली, आणि तिथे ती शिकलेल्या आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झ्युरिकमधल्या घरच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर नळीच्या टोकाशी न फाटता ठरावीक आकारापर्यंत फुगणारा फुगा घडवला. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी ३८ वर्षांच्या रुग्णाच्या हृदयाची धमनी या फुग्याने उघडली. दहा वर्षांनी तपासली तेव्हाही ती उघडीच होती. फुगवलेली वाहिनी पुन्हा आक्रसते या अडचणीवर १९८६ मध्ये धातूच्या जाळीचा स्टेंट आला.

‘इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी’ हे नाव अलेक्झांडर मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये रूढ केले. हृदयाचे काम पुढे हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. बाकीच्या शरीरातले बरेचसे रेडिओलॉजिस्टांकडे राहिले.

निचरा : भारतात या शाखेचे रोजचे काम फुगा-स्टेंटपेक्षा सुई-नळीचे अधिक आहे. यकृतातला गळू हे त्याचे नेहमीचे उदाहरण. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, खोल श्वास घेताना कळ. सोनोग्राफीत यकृतात गोल काळपट पोकळी दिसते. अमीबामुळे झालेला लहान गळू मेट्रोनिडॅझोलने विरतो. मोठा असेल, फुटण्याच्या बेतात असेल किंवा औषधाने ताप उतरत नसेल तर निचरा करावा लागतो. बरगड्यांमधली जागा बधिर करतात. सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेने घालतात, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला धमनी आणि चेतातंतू असतात. आत शिरताच सिरिंजमध्ये चॉकलेटी रंगाचा दाट द्रव येतो. मग तार, रुंदीकरणाच्या नळ्या आणि शेवटी पिगटेल. या नळीचे टोक डुकराच्या शेपटीसारखे वळते आणि आतल्या दोऱ्याने ते वळण घट्ट बसते, म्हणजे झोपेत कूस बदलली तरी नळी निसटत नाही. नळी पिशवीला जोडतात, पिशवीत किती जमले ते रोज लिहितात. पूर्वी याच दुखण्यासाठी पोट उघडत असत. आता रुग्ण जागा असतो, डॉक्टरांशी बोलत असतो. मूत्रपिंड तुंबले तर पाठीतून तसेच नळी बसवतात. हे विलार्ड गुडविन यांनी १९५५ मध्ये मांडले. पित्तनलिका कर्करोगाने दाबली गेली असता कावीळ उतरवण्यासाठीही हीच वाट आहे.

बंद करणे : वाहिनी उघडण्याइतकेच, किंबहुना जास्त नाजूक, काम ती बंद करण्याचे. याला एम्बोलायझेशन म्हणतात. क्षयरोग बरा झालेल्या फुप्फुसात वर्षानुवर्षांनी एखादी फुगलेली वाहिनी फुटते आणि खोकल्यातून वाटीभर रक्त पडते. आपल्याकडे क्षयाचे प्रमाण मोठे, म्हणून हा प्रसंगही वारंवार येतो. नळी महाधमनीतून श्वासनलिकेला रक्त देणाऱ्या धमनीच्या तोंडाशी नेतात, डाय सोडून पाहतात आणि बारीक कणांनी वाहिनी भरतात. इथे एका गोष्टीसाठी डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. मज्जारज्जूला रक्त देणारी धमनी कधी कधी याच धमनीतून फुटते; केसाच्या आकड्यासारखे तिचे वळण पडद्यावर दिसते. ते नजरेतून सुटले आणि कण तिकडे गेले, तर रक्त थांबेल पण पाय कायमचे लुळे पडतील.

यकृताच्या कर्करोगात शरीररचनेचाच फायदा मिळतो. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते, पण अर्बुद आपले रक्त मुख्यतः धमनीतून ओढतो. धमनीतून औषध देऊन ती बुजवली की गाठ उपाशी पडते आणि बाकीचे यकृत तग धरते. वाहिनी बुजवायला कधी गोंदही वापरतात. तो रक्ताशी संपर्क येताच घट्ट होतो, म्हणून त्याआधी नळी सलाइनने न धुता ग्लुकोजच्या पाण्याने धुतात. सलाइन राहिले तर गोंद नळीतच बसेल.

गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींवर, गर्भाशय न काढता, त्यांचा रक्तपुरवठा तोडण्याचा उपाय पॅरिसमध्ये जाक राव्हिना यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याकडे हा पर्याय आहे हेच अनेक बायकांना कळत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. त्या सगळ्यांना एम्बोलायझेशन हवे होते असे नाही. पुष्कळ जणींना कदाचित गोळ्याही पुरल्या असत्या. पण गर्भाशय काढण्याआधी दुसरा मार्ग सांगणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि तिथे तो वगळला जातो.

मेंदू : मेंदूच्या मोठ्या धमनीत गुठळी अडकून अर्धांगवायू झाला, तर जांघेतून नळी मेंदूपर्यंत नेऊन ती गुठळी जाळीत पकडून किंवा शोषून काढतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांनी याचा फायदा निर्विवाद ठरवला. पहिले सहा तास सर्वांत मोलाचे. निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही उपयोग होतो. तोंड वाकडे झाल्यावर सकाळपर्यंत वाट पाहणे किंवा तेल चोळत बसणे फार महागात पडते.

धोके आणि नियम : आयोडीनयुक्त डायमुळे काहींना ॲलर्जी होते, आणि मूत्रपिंड आधीच कमजोर असेल तर त्याच्यावर ताण येतो, म्हणून आधी रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) तपासतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्याचे रुग्णाने न विचारता सांगावे. किरणोत्सर्गाचा भार रुग्णावर त्या वेळेपुरता असतो, तिथे रोज उभ्या असणाऱ्यांवर मात्र तो साचत जातो. साधारण अर्ध्या मिलिमीटर शिशाइतका आडोसा देणारे एप्रन तासन्‌तास अंगावर वागवल्याने पाठीचे दुखणे या लोकांच्या नशिबी येतेच. भारतात मुंबईतील अणुऊर्जा नियामक परिषद याचे नियम ठरवते: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचे एकक), आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. छातीवरचा बॅज त्याची मोजदाद ठेवतो.

सोनोग्राफी यंत्रावर वेगळा कायदा आहे. गर्भलिंगनिदान रोखणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला; केंद्राचा १९९४ मध्ये आला. फक्त यकृतात सुया घालण्यासाठी घेतलेल्या यंत्राचीही नोंदणी करावी लागते. कागदपत्रांचा त्रास होतो हे खरे, पण ज्या राज्यात मुलींची संख्या घटत गेली तिथे तो सोसलाच पाहिजे.

खर्च हा मोठा अडसर. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर केंद्राने मर्यादा घातली: साधा ७,२६० रुपये, औषधी लेपाचा २९,६०० रुपये. मेंदूतल्या कॉइल (फुगलेली वाहिनी आतून भरणारी धातूची बारीक वेटोळी) किंवा गुठळी काढण्याच्या जाळ्या अजून सामान्यांच्या आवाक्याबाहेर आहेत, आणि हे काम करणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटले आहेत.

नंतरची काळजी : जांघेतून नळी घातली असेल तर ती काढल्यावर पंधरा-वीस मिनिटे हाताने घट्ट दाबून धरतात. धमनी मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यावरून जाते तिथेच टोचलेली असते, ते यासाठीच: खाली हाड असेल तरच दाब लागू पडतो. मग काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. खोकला आला तर त्या जागेवर हात दाबावा. पट्टीखाली ओल किंवा कंबरेत नवे दुखणे जाणवले, तर लगेच नर्सला बोलवावे; रक्त बाहेर न येता आत, पोटामागेही साचू शकते. मनगटातून केले असेल तर हवेचा पट्टा बांधतात, आणि रुग्ण थोड्या वेळात उठून बसतो.