पोटाच्या ऑपरेशनने शुगर कायमची जाते?

सांगलीत भाजी मंडईपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ऐकते, "वजनाचं ऑपरेशन केलं की शुगर कायमची गेली." असं नसतं हो. जठर लहान केलं, आतड्याचा रस्ता बदलला की जीएलपी-१ हे इन्सुलिन वाढवणारं हार्मोन वाढतं. म्हणून वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत साखर खाली येते. हा गुण अगदी खरा. पण स्वीडनमधल्या दीर्घ अभ्यासात २ वर्षांनी सुमारे ७२ टक्के रुग्णांची शुगर आटोक्यात होती, १५ वर्षांनी ३० टक्क्यांचीच. माझ्या मावशीने गोळ्या सुटल्यावर तपासणीही सोडली. चार वर्षांनी चप्पल पायातून निसटली ती तिला कळलीच नाही, साखर परत वाढून तळवे बधिर झाले होते. ऑपरेशननंतरही एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) वेळोवेळी तपासावंच लागतं, बी१२ जीवनसत्त्व तर जन्मभर.