मदरबोर्ड अडला की जळाला?

यूएसबी पोर्टात पेन ड्राइव्ह, अंगठ्याचा ठसा घेणारे मशीन किंवा प्रिंटरची वायर लावली, त्याच क्षणी संगणक बंद पडला आणि नंतर कितीही वेळा बटण दाबले तरी पंखा हलला नाही, की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येते: ‘बोर्ड उडाला.’ या एका वाक्यात दोन अगदी निराळ्या घटना एकत्र कोंबल्या जातात. पहिल्या घटनेत संगणकाने स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडलेली असते आणि तो नुसता अडून बसलेला असतो. दुसऱ्या घटनेत मदरबोर्डवरची, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवरची, चिप खरोखर जळालेली असते. बाहेरून दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात, मात्र पहिलीला एक रुपया लागत नाही आणि दुसरीत बोर्ड बदलावा लागतो.

शेतातल्या पंपाशी ज्याचा संबंध आला आहे त्याला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मोटार थांबली म्हणून कोणी ती लगेच विहिरीतून काढून रिवाइंडिंगला नेत नाही. आधी स्टार्टर पाहिला जातो. ओव्हरलोडमुळे रिले पडला असेल तर तो थोडा थंड होऊ दिला जातो आणि मग पंप पुन्हा सुरू होतो. मोटार जळणे आणि स्टार्टर ट्रिप होणे या दोन गोष्टी यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात वेगळ्या मानल्या जातात. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण पहिल्या मिनिटाला मोटार जळाली असे ठरवून मोकळे होतो.

संगणक अडतो कसा, हे समजण्यासाठी यूएसबीच्या चार तारा लक्षात घ्याव्या लागतात. साध्या पोर्टात एका तारेवर ५ व्होल्टचा पुरवठा असतो, एक तार ग्राउंडची असते आणि मधल्या दोन तारा माहितीच्या असतात. यूएसबी २.० च्या पोर्टाने ५०० मिलिअँपिअरपर्यंत आणि ३.० च्या पोर्टाने ९०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह द्यावा, असे मानक सांगते. पोर्टातली पिन वाकून शेजारच्या पिनेला किंवा पत्र्याला टेकली, अथवा लावलेले उपकरणच आतून शॉर्ट असले, तर ५ व्होल्टची तार सरळ ग्राउंडला मिळते आणि प्रवाह या मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो. हे घडू शकते हे बोर्ड बनवणाऱ्यांना ठाऊक असते, म्हणून त्या वाटेवर आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज बसवलेला असतो. तो तापला की त्याचा रोध वाढून प्रवाह जवळपास थांबतो आणि थंड झाला की वाट पुन्हा मोकळी होते. त्याही पलीकडे एसएमपीएसमध्ये, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यात, स्वतःचे संरक्षण असते. शॉर्ट जाणवला की तो सगळा पुरवठा बंद करतो, आणि कित्येक एसएमपीएस भिंतीवरचा प्लग काढून आतली साठलेली वीज उतरेपर्यंत पुन्हा चालूच होत नाहीत. बटण दाबून काहीच होत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

जळण्याची वाट वेगळी आहे. ५ व्होल्टच्या तारेवर जसा पहारा असतो, तसा माहितीच्या दोन तारांवर नसतो. त्या जवळजवळ थेट चिपसेटमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या मुख्य चिपमध्ये, जातात आणि ३.३ व्होल्टच्या आसपास काम करतात. चांगल्या बोर्डांवर पोर्टाजवळ स्थिर विजेपासून संरक्षण देणारे बारीक घटक असतात, पण त्यांचीही मर्यादा असते. या तारांवर विजेचा मोठा दाब, म्हणजे जास्त व्होल्टेज, आला की चिपच्या आतला थर फुटतो आणि तो पुन्हा जुळत नाही. एका पोर्टासाठी अख्खा संगणक मृत का व्हावा, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. जी चिप यूएसबी सांभाळते तीच बहुतेक बोर्डांवर संगणक सुरू करण्याचा क्रमही सांभाळते. काही नव्या प्रोसेसरांत तर काही पोर्टांच्या तारा थेट प्रोसेसरमध्येच जातात. त्यामुळे तिथे झालेली इजा पोर्टापुरती राहीलच असे नाही. मुद्दाम असा दाब सोडणारी उपकरणेही बनवली गेली आहेत. २०१९ साली अमेरिकेतल्या एका महाविद्यालयात माजी विद्यार्थ्याने तसल्या उपकरणाने ६६ संगणक निकामी केले होते.

आपल्या गावांत कोणी असे मुद्दाम करत नाही, तरी तसाच दाब दुसऱ्या मार्गांनी येतो आणि त्यातला सर्वांत मोठा मार्ग म्हणजे अर्थिंग नसणे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याच्या डब्याकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून झिरपणारा किंचित प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचा पत्रा २३० च्या निम्म्या, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. हात लावल्यावर मुंग्या येतात त्या याच्यामुळे. प्रवाह अत्यल्प असल्याने माणसाला सहसा इजा होत नाही, म्हणून लोक ती मुंगी अंगवळणी पाडून घेतात. मात्र प्रिंटर एका खोलीतल्या स्विचबोर्डावर, संगणक इन्व्हर्टरच्या दुसऱ्या स्विचबोर्डावर आणि दोघांना जोडणारी यूएसबी वायर मध्ये, अशी मांडणी झाली की दोन पत्र्यांमधला हा फरक त्या वायरीतून मिटू पाहतो. प्लगमध्ये पुरवठ्याच्या आणि ग्राउंडच्या पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा लांब ठेवलेल्या असतात, ते ग्राउंड आधी जुळावे म्हणूनच. पण पोर्ट सैल झाला असेल आणि वायर तिरकी घुसवली असेल तर त्या क्रमाचा भरवसा राहत नाही.

यात आपल्या मातीचाही भाग आहे. काळ्या कपाशीच्या जमिनीत पावसाळ्यात केलेले अर्थिंग उत्तम चालते. एप्रिल-मेमध्ये तीच जमीन वाळून भेगाळते, अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा कोरडा पडतो आणि भिंतीवर तीन पिनांचा सॉकेट दिसत असूनही तिसरी पिन नावापुरती उरते. त्याच दिवसांत हवा कोरडी असल्याने अंगावर स्थिर वीजही जास्त साठते. बोटाला चटका जाणवतो तेव्हा हा दाब साधारण ३००० व्होल्टच्या पुढे गेलेला असतो. त्याच्या कितीतरी खालचा दाब चिपला पुरतो, आणि तो आपल्याला जाणवतही नाही. पेन ड्राइव्ह लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावण्याची सवय म्हणून मोलाची आहे. मृगाच्या तोंडावर होणारा विजांचा कडकडाट हा तिसरा मार्ग. त्याबद्दल एवढेच सांगतो की आभाळ गडगडू लागले की नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढावीत.

आता दोन्ही अवस्था ओळखायच्या कशा? इथे मी स्वतः केलेली चूक सांगणे योग्य होईल. जुलैच्या अखेरीस, पीक विम्याच्या अर्जांची गर्दी असताना, सेवा केंद्र चालवणाऱ्या एका ताईंचा संगणक माझ्याकडे आला. अंगठ्याचे मशीन लावताच तो बंद पडला होता. बटण दाबल्यावर पंखा अर्धा फेरा घेऊन थांबे. ते पाहून मी बोर्ड जळाल्याचे सांगितले आणि त्यांनी घाईत दुसरा बोर्ड घेतला. महिनाभराने तोच जुना बोर्ड मी टेबलावर सहज जोडला, तर तो निर्धोक सुरू झाला. दोष कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टात होता. तिथली पिन वाकून पत्र्याला टेकली होती, आणि बोर्ड कॅबिनेटबाहेर येताच शॉर्टही बाहेर राहिला होता. त्या ताईंचे पैसे माझ्या घाईने गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

त्या प्रसंगातून मला कळले ते असे की पंख्याचा अर्धा फेरा ही खूण दोन्ही अवस्थांत सारखीच दिसते. ती शॉर्ट आहे एवढेच सांगते, शॉर्ट कुठे आहे ते सांगत नाही. त्यामुळे निर्णय खुणेवरून न करता, एकेक गोष्ट दूर करत जाऊन करावा. आधी लावलेले उपकरण काढावे आणि टॉर्चच्या उजेडात पोर्टाच्या आत पाहावे. मग भिंतीवरचा प्लग पूर्ण काढून, संगणकाचे बटण तीसेक सेकंद दाबून धरावे आणि १०–१५ मिनिटे थांबावे. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून, आणि बॅटरी निघत असेल तर तीही काढून, हेच करावे. इतक्यावर संगणक सुरू झाला तर तो अडला होता, जळाला नव्हता. काही बोर्ड अशा वेळी ओव्हर करंटचा, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेल्याचा, इशारा पडद्यावर दाखवून १५ सेकंदांत स्वतःच बंद होतात. तो इशारा घाबरवणारा असला तरी पहारा शाबूत असल्याचेच त्यातून कळते.

सुरू झाला नाही, तर प्लग काढलेलाच ठेवून कॅबिनेट उघडावे आणि पुढच्या पोर्टांची नऊ पिनांची वायर बोर्डवरून उपटून पुन्हा पाहावे. माझ्याकडे येणाऱ्या संगणकांत ही एकच कृती सर्वांत जास्त उपयोगी पडली आहे. त्यानंतर बोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल सेल पाच-दहा मिनिटे काढून ठेवावा आणि शक्य झाल्यास दुसरा एसएमपीएस लावून पाहावा, कारण जुना, आधीच थकलेला एसएमपीएस त्या धक्क्याने कायमचा गेलेला असू शकतो आणि तो बोर्डापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो. पंखे फिरतात पण पडदा काळा आहे, अशा वेळी रॅमची, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीची, पट्टी काढून पुसून पुन्हा बसवावी. पेन ड्राइव्ह लावलेला असताना संगणक त्याच्यावरूनच सुरू होऊ पाहतो आणि काळ्या पडद्यावर थबकतो, तो तर बिघाडही नव्हे.

एवढे सगळे करूनही बोर्ड निपचित राहिला, शिवाय प्लग लावताच मुख्य चिप काही सेकंदांत बोट टेकवता येणार नाही इतकी तापली, जळका वास आला, किंवा वीज बंद असताना मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून घेतलेले एका पोर्टाच्या माहितीच्या पिनेचे रीडिंग शेजारच्या पोर्टापेक्षा अगदी वेगळे, शून्याजवळ आले, तर मात्र तो जळाला असे म्हणावे. नागपुरात चिप बदलून देणारे कारागीर आहेत, पण जुन्या बोर्डाला तो खर्च बहुधा परवडत नाही आणि वापरलेला बोर्ड घेणे बरे पडते. हार्ड डिस्क वेगळी असल्याने त्यातली कागदपत्रे बहुतेक वेळा सुरक्षित असतात. बोर्ड गेला म्हणून डिस्क टाकून देऊ नये.

दोन्ही अवस्थांत एक गोष्ट मात्र सारखीच पाळावी लागते. संगणक बंद पडला की ‘मशीन तरी चालते का’ हे पाहण्यासाठी तेच उपकरण शेजारच्या दुसऱ्या संगणकाला लावले जाते. शाळेच्या एका खोलीत मी अशा रीतीने एकापाठोपाठ दोन संगणक गेलेले पाहिले आहेत. दोष उपकरणात आहे की पोर्टात हे ठरेपर्यंत ते उपकरण कुठेही लावू नये. संशयित पोर्ट तपासायचा असेल तर आधी जुना, गेला तरी चालेल असा माउस लावून पाहावा आणि नादुरुस्त ठरलेल्या पोर्टावर चिकटपट्टी लावून ठेवावी, म्हणजे घाईच्या दिवशी कोणाचा हात तिकडे जाणार नाही.