पार्श्वभूमी: ‘नाइ’, ‘न’ आणि ‘हेन’

हे तिन्ही जपानीत क्रियापदाला लागणारे नकाराचे प्रत्यय. जपान सरकारने १९०२ साली नेमलेल्या भाषासमितीने प्रांतोप्रांती प्रश्नावल्या पाठवल्या आणि १९०६ मध्ये बोलींच्या व्याकरणाचे नकाशे छापले. त्यात नकाराची रेषा जपानच्या मुख्य बेटाचा, होन्शूचा, मध्य कापत गेलेली दिसते: ‘लिहीत नाही’साठी पूर्वेला ‘काकानाइ’, पश्चिमेला ‘काकान’. पुढे टोकियोचा ‘नाइ’ पाठ्यपुस्तकात गेला आणि ‘न’ला बोलीचा शिक्का बसला. हा अन्यायच, कारण ‘न’ म्हणजे जुन्या राजधानीचा, क्योतोचा ‘नु’, आणि प्रमाण जपानीतल्या ‘मासेन’ या आदरार्थी नकाराच्या शेवटी तोच बसला आहे.

‘नाइ’च्या मुळाबद्दल एकमत नाही. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहातल्या पूर्वेकडच्या गीतांत ‘नाफु’ हा नकार आहे, पण तो क्रियापदासारखा चालतो, ‘नाइ’ विशेषणासारखा; शिवाय मधल्या कित्येक शतकांचा लेखी पुरावा नाही.

खरा घोळ ‘हेन’चा. कानसाईतला (क्योतो, ओसाका, कोबेचा प्रदेश) हा प्रत्यय ‘नाइ’चा अपभ्रंश मानला जातो, ते साफ चूक आहे. मूळ रचना ‘काकी वा सेनु’, म्हणजे ‘लिहिण्याचं काही करत नाही’, असा ठासून दिलेला नकार. ‘काकी वा’चं ‘काक्या’ झालं, ‘सेनु’चं ‘सेन’, मग ‘स’चा ‘ह’ (नावापुढच्या आदरार्थी ‘सान’चं ‘हान’ होतं तसाच) आणि ‘काक्याहेन’ तयार झालं. वापरून वापरून ठासणं गेलं, साधा नकार उरला. ‘क्या’चं पुढे क्योतोत ‘का’ झालं, ओसाकात ‘के’: ‘काकाहेन’ आणि ‘काकेहेन’.

गफलत इथेच होते. जुन्या ओसाकात ‘इकेहेन’ म्हणजे ‘जात नाही’. क्योतोत त्याचाच अर्थ ‘जाता येत नाही’. ओसाकाकराला अशक्यता सांगायची तर ‘इकारेहेन’ म्हणावं लागतं. ‘येत नाही’साठी तर तीन शहरांची तीन रूपं: क्योतोत ‘कीहिन’, ओसाकात ‘केएहेन’, कोबेत ‘कोओहेन’. क्योतोच्या ‘हिन’मधला ‘हि’ आधीच्या ‘ई’च्या ओढीने आला; ‘मीहिन’ (पाहत नाही) तसंच.

भूतकाळात पश्चिमेचं जुनं रूप ‘इकानान्दा’ (गेलो नाही). विसाव्या शतकात त्याला ‘इकान्कात्ता’ आणि ‘इकाहेन्कात्ता’ यांनी मागे सारलं. ‘कात्ता’ हे शेपूट ‘नाइ’च्या प्रमाण भूतकाळी रूपावरून, ‘नाकात्ता’वरून आलेलं, पण त्याच्या आधीचे ‘न’ आणि ‘हेन’ पश्चिमेचेच राहिले.